आधी तिला विचारा

(दिव्यांग स्त्रियांवरील हिंसा ह्या विषयावर कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. ज्यांच्याविषयी बोललं गेलं त्यांची नावं आणि गाव मुद्दाम दिलेलं नाही.)

मी बोलतेय तोवर हा पट्टा हातोहात फिरू द्या. मनगटावर बांधून बघा. घड्याळासारखा दिसतो, पण त्यात वेळ दिसत नाही. ज्यांना बोलता येत नाही, किंवा ज्यांचं बोलणं इतरांना समजत नाही, अशा माणसांच्या मनात काय चाललंय ते ह्या पट्ट्यावरून ओळखता येईल, असं सांगितलं जातं. आमच्या केंद्रात असे सहा पट्टे आठ आठवडे वापरून झाले. त्याचा अनुभव सांगायला तुम्ही मला बोलावलंत.

शिबिर ठरलं तेव्हा तुमच्यातल्याच एकीने मला फोनवर विचारलं, "ताई, मग अत्याचाराच्या केसमध्ये ह्याचा उपयोग होईल ना? मुलगी बोलत नाही म्हणून आपली केस उभी राहत नाही. आता निदान हा पट्टा तरी बोलेल." तिच्या आवाजातली आशा मला चांगली समजली. अशा केसमध्ये पोलीस ठाण्याच्या बाकावर मीही बसलेली आहे. तिला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं मला जमलं नाही. ते आज सविस्तर देते.

मी विशेष शिक्षिका आहे. तीस वर्षं हे काम करते, आणि संघटनेत त्याच्या थोडी आधीपासून आहे. बरीच वर्षं ही दोन कामं एकमेकांना भेटतच नव्हती. संघटनेत स्त्रियांविषयी बोलणं चालायचं तेव्हा माझ्या वर्गातल्या मुली त्यात धरलेल्या नसायच्या. आणि केंद्रात ह्या मुलींविषयी बोलणं चालायचं तेव्हा त्या स्त्रिया आहेत हे कोणी धरायचं नाही. चाळिशीच्या बाईलाही आम्ही 'बाळ' म्हणायचो.

पट्टा नेमकं काय मोजतो

ह्यात जादू काही नाही. परीक्षेचा पेपर हातात पडताना तळहात ओलसर होतात, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कातडीला घाम आला की तिच्यातून वीज थोडी सहज वाहते. पट्टा मनगटातून अगदी बारीक, जाणवणारही नाही इतका प्रवाह सोडतो आणि तो किती सहज वाहिला ते नोंदवतो. ही गोष्ट नवी नाही. १८८८ मध्येच फ्रान्समधल्या फेरे नावाच्या डॉक्टरांनी भावना आणि कातडीतली वीज ह्यांचा संबंध नोंदवला होता. शिवाय पट्ट्याखाली हिरवा दिवा लुकलुकतो, त्यावरून नाडीचे ठोके मोजतात. हात किती हलला आणि कातडी किती गरम आहे, तेही नोंदवलं जातं.

हे सगळं पट्टा बऱ्यापैकी मोजतो. अडचण पुढे आहे. घामाच्या ग्रंथी ज्या मज्जातंतूंच्या ताब्यात असतात, ते शरीराला सावध करणारे तंतू आहेत. भीतीने ते जागे होतात, रागाने होतात आणि आनंदानेही होतात. बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकीची वाट बघत एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या आईचं काळीज धडधडतं. सावकार दारात येऊन उभा राहिला तरी तिचं काळीज धडधडतंच. पट्ट्याला दोन्ही वेळा एकच रेघ दिसेल. म्हणजे तो 'किती' ते सांगतो, 'काय' ते सांगत नाही.

त्यात आपलं हवामान आहे, आपल्या बायकांची शरीरं आहेत. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत सगळ्यांनाच घाम येतो. पाळीच्या चक्रात नाडीचे ठोके थोडे खालीवर होतात. पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा निघतात, त्याचा मनातल्या भावनेशी संबंध असेलच असं नाही. मनगटावर गोंदलेलं असेल तर त्या शाईमुळे हिरव्या दिव्याला नाडी नीट दिसत नाही. हातभर बांगड्या असतील तर पट्टा जागेवर बसत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीचे स्नायू आवळले जातात, हात आपोआप झटकला जातो, त्या श्रमानेही ठोके वाढतात.

आणि गोळ्या. मानसिक आजाराच्या औषधांनी हातपाय ताठरतात, थरथरतात, म्हणून त्यांच्या जोडीला ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळी पुष्कळ जणींना दिली जाते. त्या गोळीने घाम कमी होतो. आमच्याकडे पट्टा बांधलेल्या सहा जणींपैकी एकीची रेघ जवळजवळ सपाट होती. पहिल्या अहवालात तिच्यापुढे 'सर्वांत शांत' असा शेरा आला. तिचा गोळ्यांचा कागद मी त्या लोकांपुढे ठेवला, तेव्हा कुठे तो शेरा काढला गेला. मनोरुग्णालयात, सुधारगृहात किती बायकांना अशी औषधं चालू असतात ते तुम्हाला माहीत आहे. त्या सगळ्या ह्या यंत्राच्या लेखी शांत ठरायच्या.

शोधायला गेले एक, सापडलं दुसरं

हे यंत्र टाकाऊ आहे असं म्हणायला मी उभी राहिलेली नाही. अमेरिकेत एमआयटी ह्या संस्थेत रोझलिंड पिकार्ड नावाच्या संशोधक आहेत. यंत्राने माणसाच्या भावना ओळखणं ह्या विषयावर १९९७ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं आणि तेव्हापासून हे एक वेगळं शास्त्रच उभं राहिलं. त्यांनी स्वतः सांगितलेला एक प्रसंग आहे. त्यांच्या प्रयोगशाळेतला एक विद्यार्थी नाताळच्या सुट्टीत घरी निघाला होता. त्याचा धाकटा भाऊ स्वमग्न, बोलत नव्हता. त्याला कशाचा ताण येतो ते बघावं म्हणून विद्यार्थ्याने पट्टे मागून नेले आणि भावाच्या दोन्ही मनगटांवर बांधले. सुट्टीतल्या नोंदी बघताना पिकार्डबाईंना एका हाताची रेघ एकाएकी आभाळाला भिडलेली दिसली. दुसरा हात मात्र सपाट. यंत्र बिघडलं असं त्यांना आधी वाटलं. शेवटी त्यांनी विद्यार्थ्याला फोन केला. त्याने घरी टिपणवही ठेवली होती. ती उघडून त्याने सांगितलं, त्या दिवशी भावाला फिट आली होती, आणि ती त्या उंच रेघेनंतर वीसेक मिनिटांनी.

त्यातून पुढे फिट ओळखून घरच्यांना सावध करणारा पट्टा तयार झाला. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. झोपेत येणाऱ्या फिटमुळे जीव जाऊ शकतो, म्हणून हे मोठं काम आहे. आमच्या केंद्रातल्या एखाद्या आईने असा पट्टा मागितला तर मी तिच्या बरोबरीने पैसे गोळा करीन.

पण त्या प्रसंगात काय घडलं ते लक्षात घ्या. शोधत होते भावना, सापडली फिट. रेघ बघून तज्ज्ञालाही काही कळलं नव्हतं. कळलं ते भावाने वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून.

दुसरा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मनोरुग्ण विभागात दाखल केलेल्या ७० स्वमग्न मुलामुलींना पट्टे बांधले. मूल मारामारी करणार किंवा स्वतःला इजा करून घेणार, हे तीन मिनिटं आधी बऱ्याच अंशी सांगता येतं असं त्यात दिसलं. तीन मिनिटं आधी कळलं तर मूल आणि कर्मचारी दोघंही वाचतात, हे खरं आहे. मला मात्र ते वाचताना वाटलं, मूल चिडणार आहे हे कळलं, पण कशाने चिडणार ते कुठे कळलं? तीन मिनिटांत त्याच्या जवळ जाऊन 'काय होतंय' असं बघणारही आहेत आणि तीन मिनिटांत सुई तयार ठेवणारेही आहेत. यंत्र दोघांनाही सारखंच सांगतं.

आमच्या केंद्रात काय झालं

आता आमची गोष्ट सांगते. ती सांगायला मला जड जातं, पण त्यासाठीच मी आले आहे.

आमचं दिवसभराचं केंद्र आहे, प्रौढ मुली आणि बायकांसाठी. शहरातल्या एका अभ्यासगटाने पट्टे आणून दिले. जोडीला एक टॅब, त्यावर प्रत्येकीची रेघ. रेघेला रंग होते. हिरवा म्हणजे 'शांत', पिवळा म्हणजे 'अस्वस्थ', लाल म्हणजे 'ताण'. रंगांची ही नावं कोणी ठरवली, असं आमच्यापैकी कोणीही त्या वेळी विचारलं नाही. मीही नाही.

त्यांतली एक चोवीस वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. बोलता येत नाही, हात नीट वळत नाही, पण समजतं सगळं. 'हो' म्हणायला ती डोळे वर करते. खुर्चीच्या फळीवर चित्रांची पाटी आहे, मुठीने चित्रावर टेकते. पहिल्या आठवड्यानंतर दिसलं की रोज दुपारी पावणेचारला तिची रेघ लाल होते. अगदी रोज. पावणेचारला काय होतं? केंद्राची गाडी येते. गाडीवरचे मामा तिला उचलून आत बसवतात.

तुमच्या मनात आता जे आलं, तेच माझ्याही मनात आलं. रोज ठरावीक वेळी, एक पुरुष, बोलू न शकणारी मुलगी, आणि यंत्र सांगतंय 'ताण'. मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या बैठकीत मामांना त्याच संध्याकाळी कामावरून काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. मी म्हटलं, तिला विचारू या. हे शहाणपणाने म्हटलं असं नाही. पुढे पोलिसांत गेलो तर तिचा जबाब लागेल, म्हणून म्हटलं.

विचारायला बसलो तेव्हा कळलं की विचारायला शब्दच नाहीत. तिची पाटी मीच केलेली होती, आठ वर्षांपूर्वी. त्यावर पाणी होतं, जेवण होतं, शू होती, टीव्ही, आई, बाबा, झोप, गाणं होतं. 'नको' नव्हतं. 'दुखतं' नव्हतं. छाती, मांडी, लघवीची जागा, काही नव्हतं. 'राग आला' नव्हतं. 'मला एकटीला सांगायचंय' नव्हतं. मैत्रिणींनो, लैंगिक अत्याचारावर मी कितीतरी शिबिरं घेतली, आणि माझ्याच हाताने केलेल्या पाटीवर त्या मुलीला तक्रार करायला एक चित्र नव्हतं.

चार दिवस बसून आम्ही चित्रं काढली. दोन दिवस ती फक्त तिच्या ओळखीची केली, कशाविषयीच न विचारता. मग विचारायला दुसऱ्या गावची एक शिक्षिका बोलावली. तिला रेघेविषयी काही सांगितलं नव्हतं, मामांविषयीही नाही. हे मुद्दाम केलं. १९९०च्या दशकात अमेरिकेत बोलू न शकणाऱ्या मुलांचा हात धरून टंकलेखन करवून घेण्याची पद्धत फार पसरली होती. मुलं एकदम मोठमोठी वाक्यं लिहू लागली. काहींनी आईवडलांवर अत्याचाराचे आरोप केले. नीट तपासणी केली तेव्हा कळलं की शब्द मुलांचे नव्हतेच, हात धरणाऱ्यांचे होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना स्वतःलाही कळलं नव्हतं. म्हणून आम्ही ठरवलं, विचारणारीला उत्तर आधी माहीत नको. प्रत्येक वेळी 'ह्यातलं नाही' हे चित्र समोर हवं. आणि एकच गोष्ट वेगवेगळ्या दिवशी विचारायची.

तिने काय सांगितलं? पावणेचार वाजता: गाडी, खिडकी, गाणं. तिन्ही दिवस तेच. गाडीत मामा जुनी सिनेमाची गाणी लावतात, आणि तिला खिडकीची जागा देतात. दिवसभर ती त्याची वाट बघते. त्या लाल रेघेला आम्ही ताण म्हणत होतो. ती तिच्या आनंदाची होती. आणि आम्ही एका माणसाची नोकरी आणि अब्रू घालवायला निघालो होतो.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती हसत सांगितली असती. पण तिसऱ्या दिवशी त्या शिक्षिकेने विचारलं, "तुला आणखी काही सांगायचंय का?" तिने डोळे वर केले. मग नवीन चित्रांवर गेली. 'सकाळ'. 'शू'. 'दार'. 'नको'. पुन्हा 'दार', पुन्हा 'नको'.

रोज सकाळी अकराला मावशी तिचे कपडे बदलतात. चौदा जणींना एक मावशी. आतलीला बदलताना बाहेरच्या तेराजणींवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून त्या दार उघडं ठेवतात. त्या दारासमोरून सगळे जातात. पालक, पाणीवाला, मामा, पाहुणे, मी. मी तर रोज जायचे. चोवीस वर्षांची बाई उघडी पडलेली असायची आणि मला ते दिसत असून दिसत नव्हतं, कारण माझ्या लेखी ती 'बाळ' होती.

आम्ही टॅब उघडून अकराची रेघ बघितली. ती हिरवी होती. आठवडाभर, रोज अकराला, हिरवी.

ती हिरवी का, ते मी ठामपणे सांगू शकत नाही. वर्षानुवर्षं रोज होणाऱ्या गोष्टीला शरीर कदाचित सरावतं. किंवा प्रत्येक अपमानाने तळहाताला घाम येतच नसेल. कितीतरी जणी सासरी खाली मान घालून, शांत चेहऱ्याने वर्षं काढतात. त्यांच्या हातावर पट्टा बांधला असता तर काय दिसलं असतं? मला एवढंच कळलं की तिला जे सर्वांत जास्त बोचत होतं ते पट्ट्याला दिसलं नाही, आणि पाटीवर एक चित्र आल्याबरोबर तिने ते सांगितलं.

दाराला कडी आणि आत पडदा लावायला आम्हाला एक दुपार लागली. दुसरी मावशी मिळवायला सात महिने लागले.

केसमध्ये काय होईल

आता फोनवरच्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. पट्टा कोर्टात आपल्या बाजूने बोलेल का?

समजा, एखाद्या मुलीवर अत्याचार झाला आणि तिच्या हातावर पट्टा होता. त्या वेळची रेघ लाल असली तर समोरचा वकील म्हणेल, लाल म्हणजे भीती कशावरून, सुख कशावरून नाही? आणि शास्त्र त्याला खोडून काढू शकणार नाही. रेघ हिरवी असली तर तो म्हणेल, बघा, शांत होती, म्हणजे संमती होती. हे वाक्य आपण आधी कुठे ऐकलंय? मथुरेच्या केसमध्ये. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे विरोध नव्हता, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली म्हटलं, आणि त्या निकालाविरुद्ध १९८० मध्ये आपली चळवळ रस्त्यावर आली. शरीरावर खूण नाही म्हणजे काही घडलं नाही, हा विचार मोडायला आपल्याला किती वर्षं लागली! तोच विचार आता हिरव्या रेघेतून परत यायला नको.

कातडीतली वीज मोजून मनातलं काढण्याचा प्रयत्न पोलिसांनीही केलेला आहे. खोटं पकडायच्या यंत्रात हेच मोजतात. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनाच्या खटल्यात शिक्षा दिली, तेव्हा तिच्या मेंदूच्या लहरींच्या चाचणीचा अहवाल पुराव्यात धरला गेला होता. २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ, मेंदूची चाचणी कोणावरही तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही. आरोपीच्या मनात बळजबरीने शिरायचं नाही, हे कायद्याने मान्य केलंय. मग जिने काही गुन्हा केला नाही, फक्त जिला बोलता येत नाही, तिच्या मनात तिला न विचारता कसं शिरायचं?

कायद्यात तिला बोलायची जागा आहे, हे आपल्यातल्याही पुष्कळ जणींना माहीत नसतं. २०१३ च्या दुरुस्तीने दिव्यांग स्त्रीची फिर्याद तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने नोंदवायची तरतूद झाली. दंडाधिकाऱ्यापुढचा तिचा जबाब असाच मदत घेऊन नोंदवायचा, त्याचं चित्रीकरण करायचं, आणि तो जबाब तिची सरतपासणी म्हणून धरायचा. खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानली जाते. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, त्यांतही हे कायम आहे. साक्षीची तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये बघा. तेव्हा तिच्या वतीने पट्ट्याने बोलायची गरज नाही. तिला बोलू देणारी पाटी आणि ती समजणारी शिक्षिका पोलीस ठाण्यात वेळेवर पोचायला हवी. माझा अनुभव असा की नेमकं तेच होत नाही.

तिच्या वतीने कोण ठरवतं

१९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या काही मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढून टाकली गेली. कारण सांगितलं गेलं की पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना राखता येत नाही. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळी आपण बरोबरच विचारलं होतं, की माणसं कमी, पाणी कमी, म्हणून मुलींचे अवयव कापायचे का? पण 'त्या मुलींना काय वाटतं' हे विचारायची रीत आपल्याकडेही तेव्हा नव्हती. त्यांच्या वतीने आपण बोललो.

माणसाला माणूस कसं वाचतं ह्याचं उदाहरण मुंबईतच होतं. अरुणा शानभाग १९७३ पासून २०१५ पर्यंत केईएम रुग्णालयात अंथरुणावर होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी अहवालात नोंदवलं की शी-शू लागली की त्या आवाज करतात आणि परिचारिकांना तो ओळखता येतो. हे ज्ञान कुठल्या यंत्राचं नव्हतं. पिढ्यांपिढ्यांच्या परिचारिकांनी अंग पुसताना, भरवताना मिळवलेलं होतं. मावशींकडे, आयांकडे हे ज्ञान असतं. त्याचा पगार मिळत नाही, अहवालात ते लिहिलं जात नाही. संशोधनासाठी वापरतात तसला एक पट्टा लाखाच्या घरात जातो. आमच्या मावशींचं मानधन तुम्हीच अंदाज करा.

तरी ओळखणाऱ्यांचंही चुकतं. मी आठ वर्षं तिला ओळखत होते आणि दार मला दिसलं नाही. चेहऱ्यावरून भाव ओळखता येतो, असं म्हणणारी संगणकाची यंत्रंही आली आहेत. २०१९ मध्ये पाच शास्त्रज्ञांनी हजारावर संशोधनं तपासून सांगितलं की चेहऱ्यावरून भावना खात्रीने सांगता येत नाही. रागावलेली माणसं बहुतेक वेळा कपाळाला आठ्या घालतच नाहीत. युरोपात २ फेब्रुवारी २०२५ पासून शाळेत आणि कामाच्या ठिकाणी यंत्राने भावना ओळखायला बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षिततेची कारणं सोडून. आपल्याकडे २०२३ चा माहिती संरक्षणाचा कायदा आहे. दिव्यांग व्यक्तीला कायदेशीर पालक असेल तर त्यात पालकाची संमती मागितली आहे. घरातली हिंसा कोण करतं ते इथे बसलेल्या कोणालाही सांगायला नको. ज्याच्याविरुद्ध तक्रार असू शकते त्याच्याच सहीने तिच्या शरीराच्या नोंदी उघडायच्या, हे आपल्याला चालणार आहे का?

आपण काय म्हणायचं

असे पट्टे पुढे आणखी येतील. स्वस्तही होतील. 'बंद करा' म्हणून ते थांबणार नाहीत, आणि फिटसारख्या कामात ते हवेतही. म्हणून आमच्या केंद्राने ठरवलेल्या गोष्टी तुमच्यापुढे ठेवते.

एक, पट्ट्याच्या आधी पाटी. जिच्याकडे 'नको', 'दुखतं', 'दार लाव', 'एकटीला सांगायचंय' आणि शरीराच्या सगळ्या भागांची चित्रं नाहीत, तिच्या हाताला पट्टा बांधायचा नाही.

दोन, संमती तिची. पालकाची सही वेगळी, ती पुरेशी नाही. तिने पट्टा ओढला, हात मागे घेतला, तर ते 'नाही' आहे.

तीन, रेघेला भावनेचं नाव द्यायचं नाही. 'इतक्या वाजता काहीतरी झालं' एवढंच म्हणायचं. काय झालं ते ती सांगेल. आणि रेघ सपाट असली तरी विचारायचं.

चार, नोंदी तिच्या. आधी तिला दाखवायच्या. पोलीस, संस्थाचालक, कंपनी, कोणालाही तिला न विचारता नाही.

पाच, त्या रेघेवरून मावशींच्या कामाची तपासणी करायची नाही. त्यांना माणूसबळ द्या, मग दारं आपोआप लागतील.

आठवा आठवडा सुरू झाला तेव्हा आम्ही तिला विचारलं, पट्टा ठेवायचा का? पहिल्या दिवशी 'हो' म्हणाली. दुसऱ्या दिवशी 'नको'. तिसऱ्या दिवशी 'नको'. अभ्यासगटातल्या मुलीने सांगितलं, चारच दिवस राहिलेत, तेवढे पूर्ण झाले असते तर बरं झालं असतं. आम्ही पट्टा काढला. त्या मुलीचंही कौतुक केलं पाहिजे, तिने आपल्या अहवालात 'सहभागी व्यक्तीने नकार दिला' असं लिहिलं.

मागच्या टेबलावर आमच्या चित्रांच्या प्रती ठेवल्या आहेत. कात्री आणि पुठ्ठाही आहे. जेवणाच्या सुट्टीत आपापल्या गावासाठी एकेक पाटी करून न्या. आणि गेल्या गेल्या जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, विशेष शिक्षिकेचा फोन नंबर त्यांच्याकडे आहे का. नसेल तर लिहून द्या.